‘फ्री’ या शब्दाचे अर्थ आणि सोलापूरची सेटलमेंट

इंग्रजीतील ‘फ्री’ हा शब्द मराठी बोलण्यात इतका मुरला आहे की तो उसना असल्याची जाणीवही बोलणाऱ्याला उरलेली नाही. एका वस्तूवर दुसरी फ्री मिळते, म्हणजे ती फुकट मिळते. शाळेतला फ्री तास म्हणजे रिकामा तास. ‘संध्याकाळी फ्री आहेस का’ या प्रश्नात मोकळ्या वेळेची विचारणा असते. शुगर फ्री मिठाईत साखर नसते. आणि एखाद्याला कामात फ्री हँड दिला, म्हणजे त्याच्यावरची देखरेख उठली. या सर्व उपयोगांत प्रत्येक ठिकाणी काहीतरी वजा झालेले आहे, कुठे पैसे, कुठे काम, कुठे साखर, कुठे देखरेख. त्यामुळे या शब्दाचा गाभा अभावाचा आहे असे सहज वाटते, आणि स्वातंत्र्याविषयीचा विचारही पुष्कळदा याच समजुतीवर उभा राहतो. सोलापूर शहरात मात्र हा शब्द एका वस्तीच्या नावात जाऊन बसला आहे. ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे ते नाव, आणि त्या नावामागचा इतिहास लक्षात घेतला तर ही समजूत किती अपुरी आहे ते उघड होते.

ब्रिटिश सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढून मुंबई इलाखाही त्याखाली आला, आणि 1924 मध्ये सर्व तरतुदी एकत्र करण्यात आल्या. या कायद्यानुसार एखादी जमात ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर झाली की तिच्यातील माणसांची नोंद होई, बोटांचे ठसे घेतले जात, ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे आणि परवानगीवाचून गाव सोडता येत नसे. याच कायद्याने अशा जमातींना ठरावीक जागी वसवून ठेवण्याचा अधिकारही सरकारला दिला, आणि त्या जागेला ‘सेटलमेंट’ म्हटले गेले. मुंबई इलाख्यात ही व्यवस्था स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याने उभी केली. सोलापुरात कापडगिरण्यांना मजूर हवे होते, म्हणून येथील सेटलमेंट मोठी झाली. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे आला. कैकाडी, टकारी, मांग-गारुडी, कंजारभाट, पारधी अशा जमातींची कुटुंबे तारेच्या कुंपणाआड राहत, दिवसा गिरणीत राबत आणि परत येऊन हजेरी देत. मुलांसाठी शाळा होत्या आणि त्यांतून काही मुले शिकली, हे नाकारता येत नाही; पण मुलांना आईबापांपासून वेगळे काढण्याची तरतूदही याच कायद्यात होती, आणि शाळेचे मोल ठरवताना ती विसरता येत नाही.

फ्री कॉलनी हा या व्यवस्थेतला पुढचा टप्पा होता. ज्यांची वर्तणूक अधिकाऱ्यांना समाधानकारक वाटे, त्यांना परवान्यावर तारेबाहेर, पण सेटलमेंटच्या शेजारीच राहण्याची मुभा मिळे. येथे ‘फ्री’ या शब्दाने जो अर्थ घेतला तो कोशात सापडणार नाही. कुंपण वजा झाले, पण ज्याने कुंपण घातले त्याचा अधिकार तसाच राहिला; सवलत मिळाली, पण ती परत घेण्याचा हक्क देणाऱ्याकडेच होता. जे दुसऱ्याच्या मर्जीने मिळते आणि त्याच्या मर्जीने जाऊ शकते, त्याला स्वातंत्र्य म्हणता येत नाही. ती सैल केलेली दोरी असते, आणि दोरी कितीही लांब सोडली तरी तिचे दुसरे टोक कोणाच्या तरी हातात राहतेच.

या कायद्याचे तात्त्विक मूळ पाहिल्यावाचून हा प्रश्न पुरा होत नाही. कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे असे होते की, या देशात धंदा जातीने ठरतो, सुताराचा मुलगा सुतार होतो, तेव्हा गुन्हा हाही काही जातींचा पिढीजात धंदाच असणार. म्हणजे ज्याने अजून काहीही केलेले नाही अशा तान्ह्या मुलाचाही अपराध जन्माआधीच ठरलेला. इंग्रजीत ज्याला ‘फ्री विल’ म्हणतात, म्हणजे चांगले किंवा वाईट करण्याची निवड माणसाच्या स्वतःच्या हाती असणे, ती निवडच या युक्तिवादाने एका वर्गापुरती रद्द केली. ख्रिस्ती धर्मशास्त्रात ऑगस्टिनपासून ल्यूथरपर्यंत या इच्छास्वातंत्र्यावर मोठा वाद झाला, परंतु त्या वादात पापाचा कलंक सर्व मानवजातीवर सारखाच मानला जातो. तो निवडक जमातींवर टाकण्याला त्या धर्मशास्त्रातही आधार नाही. भारतीय कर्मविचाराचेही तेच. मागील जन्मांचा साठा ते संचित, त्यातले फळ द्यायला लागलेले ते प्रारब्ध आणि या घडीला माणूस जे करतो ते क्रियमाण, असे कर्माचे तीन भाग शास्त्रकारांनी केले, आणि क्रियमाण माणसाच्या हाती ठेवले. प्रारब्धाचा हवाला देऊन जन्मजात उच्चनीचता पवित्र ठरवण्याचे पाप येथील धर्मपरंपरेने केले आहे, आणि परकी राज्यकर्त्यांना आपला युक्तिवाद इतका सोपा वाटला याचे कारणही येथील जातिव्यवस्थेतच सापडते. तरीही क्रियमाण मुळातच नाही असे हा कर्मविचार मानणाऱ्या दर्शनांनी म्हटलेले नाही. बुद्धाने तर माणूस जन्माने नव्हे, कर्माने हीन किंवा थोर ठरतो असे स्पष्ट सांगितले आणि अंगुलिमालासारख्या खुनी दरोडेखोराला संघात घेतले. सोलापूर ज्या सिद्धरामेश्वरांची भूमी म्हणून ओळखले जाते, ते बाराव्या शतकातील ज्या शरणपरंपरेचे, तिनेही जन्मावरून माणसाची किंमत करणे नाकारले होते.

सोलापूरच्या इतिहासात स्वातंत्र्य या शब्दाला वेगळेच तेज आहे. 1930 च्या मे महिन्यात, गांधीजींच्या अटकेनंतर उसळलेल्या आंदोलनात, 9 ते 11 मे या दिवसांत शहरावर ब्रिटिशांची सत्ता व्यवहारात उरली नव्हती. 12 मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, आणि पुढे 12 जानेवारी 1931 रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्या हुतात्म्यांचा अभिमान शहराने जपला आहे, आणि तो जपलाच पाहिजे. परंतु ज्या शहराने परकी सत्तेवाचूनचे ते दिवस अनुभवले, त्याच शहरात त्या काळी शेकडो माणसे तारेआड हजेरी देत होती, ही गोष्ट त्या इतिहासाच्या शेजारीच ठेवून वाचली पाहिजे. आयझाया बर्लिन या विचारवंताने 1958 च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले: अडवणारे कोणी नसणे हा नकारात्मक अर्थ, आणि स्वतःच्या जीवनाचे स्वामी आपण असणे हा सकारात्मक अर्थ. हुतात्म्यांचा लढा दुसऱ्या अर्थासाठी होता. सेटलमेंटमधल्या माणसाच्या वाट्याला तेव्हा पहिलाही आलेला नव्हता.

हे दोन अर्थही पुरेसे नाहीत, कारण ‘फ्री’ शब्दाच्या मुळाशी तिसराच अर्थ आहे. संस्कृत ‘प्रिय’ आणि इंग्रजी ‘फ्री’ हे एकाच प्राचीन धातूपासून आलेले शब्द आहेत, आणि इंग्रजीत मित्राला असलेला ‘फ्रेंड’ हा शब्दही त्याच कुळातला. भाषाशास्त्रज्ञ याची संगती अशी लावतात की घरात जी आपली, जिव्हाळ्याची माणसे, ती ‘फ्री’, आणि जी त्या नात्याबाहेरची ती दास. म्हणजे स्वतंत्र असणे याचा मूळचा आशय कोणापासून तरी सुटणे हा नसून कोणाचे तरी असणे, आप्तांत गणले जाणे हा होता. मराठीतील ‘मुक्त’ आणि ‘मोकळा’ हे शब्द याच्या उलट सोडण्याच्या धातूपासून आलेले आहेत. त्यांत बंध तुटण्याची कल्पना आहे, नात्याची नाही. मात्र हा उणेपणा मराठी धर्मविचाराला जाणवला होता असे म्हणण्यास जागा आहे. सलोकता, समीपता, सरूपता आणि सायुज्यता अशा मुक्तीच्या चार पायऱ्या सांगितल्या जातात, म्हणजे देवाच्या लोकात राहणे, त्याच्या जवळ असणे, त्याचे रूप मिळणे आणि त्याच्याशी एक होणे; आणि या चारही पायऱ्या सुटण्याच्या नसून जवळ येण्याच्या आहेत. वारकरी संतांनी तर मुक्तीपेक्षा भक्ती श्रेष्ठ मानली आणि संतांच्या सहवासासाठी पुन्हा जन्म घेण्याची तयारी दाखवली. निव्वळ सुटका हे माणसाचे अंतिम कल्याण नव्हे, हा त्या भूमिकेचा अर्थ, आणि तो अध्यात्माइतकाच समाजजीवनालाही लागू पडतो.

गुन्हेगार जमाती कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी आणि राज्यघटना लागू झाल्यावर अडीच वर्षांहून अधिक काळाने. सोलापूरच्या सेटलमेंटचे कुंपण पंडित नेहरूंच्या हस्ते तोडले गेल्याची आठवण तेथे आजही सांगितली जाते, आणि कायदा रद्द झाल्यावर या जमाती ‘विमुक्त’ म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. विमुक्त या शब्दात पुन्हा सोडण्याचाच धातू आहे. आपलेपणाचा धातू त्यात आलेला नाही, आणि वस्तुस्थितीतही तो आला नाही. 1959 मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला. तो कागदावर व्यक्तींना उद्देशून आहे, पण कुठे चोरी झाली की पोलिसांची नजर आधी विमुक्तांच्या वस्तीकडे वळण्याची रीत त्याने थांबली नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाने 1987 मध्ये हे वास्तव मराठी वाचकापुढे ठेवले. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने 2008 मध्ये विमुक्त आणि भटक्या जमातींच्या स्थितीवर अहवाल दिला. पुढे 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीनुसार कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली आणि विमुक्त जमातींच्या माणसांना मनमानीपणे अटक होऊ नये असेही बजावले. कायदा रद्द झाल्यावर बहात्तर वर्षांनी देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाला हे सांगावे लागले. ज्या माणसाला शेजारी अजून संशयाने पाहतो, घर भाड्याने देताना जात विचारतो आणि शाळेत त्याच्या मुलाची वस्ती ऐकून सावध होतो, त्याला ‘फ्री’ म्हणण्याचा अधिकार समाजाने अजून मिळवलेला नाही. आणि तो मिळवण्याचे काम सरकारवर सोपवून सोलापूरकरांना आणि उरलेल्या महाराष्ट्राला मोकळे होता येणार नाही.