सायकलीचे पुण्य

आमच्या सोसायटीने माझा सत्कार करायचे ठरवले तेव्हा मी "छे छे, कशाला!" म्हणालो; पण कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या बेताने. कारण काय, तर मी सायकलने कामावर जातो. शाल, श्रीफळ, भाषण. अध्यक्षांनी मला पर्यावरणाचा पाईक म्हटले. खरी गोष्ट अशी, की माझे ऑफिस घरापासून दीड किलोमीटरवर आहे आणि तिथे स्कूटर लावायला जागा नाही.

पुणे हे एकेकाळी सायकलींचे शहर. तेव्हाचे पुणेकर काय फार सत्त्वशील होते? एका पेठेत घर, पलीकडच्या पेठेत कचेरी आणि स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे! नंबर लागला, बिऱ्हाड कोथरूडला गेले आणि सत्त्व सायकलीबरोबर जिन्याखाली जाऊन पडले. गिरणगावातला कामगार भोंगा झाला की पायीच निघे, कारण चाळ गिरणीच्या अंगणात. डच लोकांचे आपण गोडवे गातो, पण त्यांचा देश ताटासारखा सपाट. अर्थात १९७०च्या सुमारास मोटारींखाली मुले मरू लागली तेव्हा तिथले आईबाप रस्त्यावर उतरले आणि सायकलींना वाट मिळाली. त्यांच्या खात्यावर थोडे पुण्य मी जमा करीन.

२०११च्या जनगणनेत शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामे करणाऱ्यांत सुमारे २३ टक्के पायी आणि १३ टक्के सायकलने जाणारे निघाले. एवढे सत्कार करायचे म्हटले तर कोकणात नारळ उरायचा नाही! पण करतो कोण? पुण्य म्हणायला ते मोडायची सोय असावी लागते, आणि ती यांना नाही. आता हा न्याय मलाही लागतो, हे भाषण चालू असतानाच माझ्या लक्षात आले. टाळ्या मात्र मी घेतल्या.

खाली आमचा वॉचमन माझी सायकल धरून उभा होता. तो रोज धायरीहून येतो, तोही सायकलने. इतक्या वर्षांत मी हे पाहिलेच नव्हते.

"एवढ्या लांबून सायकल का हो?" मी विचारले.

"मग काय उडत येऊ, साहेब?"

मी नारळ त्याच्या हातात दिला. (शाल हिने आधीच घडी घालून पिशवीत टाकली होती.) त्याने तो कॅरियरला लावला, हलवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हा कशाबद्दल?"