वसुबारस आणि वाघबारस

आश्विन वद्य द्वादशीस आपण वसुबारस म्हणतो व सवत्स धेनूची पूजा करतो. आपले गुजराती शेजारी त्याच तिथीस वाघबारस म्हणतात. आणि डांग, अकोले, जुन्नर येथील डोंगराळ मुलखात त्या दिवशी आदिवासी बांधव खरोखरच वाघदेवास नैवेद्य दाखवितात. एकाच तिथीस भक्ष्य आणि भक्षक दोघेही पूज्य ठरावेत, यात अर्थ कोणता?

हा प्रश्न आम्हास पोथीतून सुचलेला नाही. गेल्या वसुबारसेस, देवळात पूजेसाठी गाय आणणारा मांडवी तालुक्यातील गोपालक वासराविना आला. वासरू दीपड्याने, म्हणजे बिबट्याने, नेले होते. त्याने आमच्या तीर्थरूपांस विचारले, "महाराज, गायही देव आणि वाघही देव, मग माझ्या वासराचा न्याय कोणी करावयाचा?" तीर्थरूप निरुत्तर झाले. आम्हीही झालो.

सर्वांभूती परमेश्वर आहे, असे सुरतेतील पक्क्या घरात बसून म्हणणे सोपे आहे. ज्या उसाच्या साखरेने आपला प्रसाद गोड होतो, त्याच उसात बिबट्याची मादी पिले घालते. भय मात्र ऊसतोड करणाऱ्या मजुराच्या मुलास. ज्या दयेचे मोल दुसऱ्याने द्यावयाचे, ती दया कसली?

मग पिंजरा लावून बिबट्यास दूर सोडावे काय? पुणे जिल्ह्यातील जुन्नर भागात २००१ पासून असे अनेक बिबटे पकडून अन्यत्र सोडण्यात आले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते १७ वर गेल्याचे आढळले. परक्या रानात सोडलेले जनावर बिथरते, परतू पाहते. आणि रिकाम्या झालेल्या जागी दुसरे येते. २००९ साली नगर जिल्ह्यातील विहिरीतून काढलेल्या एका बिबट्याच्या गळ्यात यांत्रिक पट्टा बांधून त्यास माळशेज घाटात सोडले. अभ्यासकांनी त्याचे नाव 'आजोबा' ठेविले. तो कोणासही इजा न करता सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोहोचला. २०११ साली हमरस्त्यावर वाहनाच्या धडकेने तो मेला. वाघ माणसास मारतो हे आपण जाणतो. माणसाच्या घाईने वाघ मरतो हे विसरतो.

आमच्या अल्पमतीस वाटते की, आपले संकट उचलून दुसऱ्याच्या दारात टाकणे हा अधर्मच होय. माणसांवर वारंवार हल्ला करणाऱ्या जनावरास कायमचे बंदिस्त करण्यात पाप नाही. परंतु केवळ दिसला म्हणून पिंजरा मागणे, हे आपले भय शेजारच्या गावास वाटणे आहे. वाघदेवास पुजणारा आदिवासी देवास 'नाहीसा हो' असे सांगत नाही. 'तू तुझ्या वाटेने जा, आम्हास सांभाळ' असे विनवितो. त्या विनवणीत मर्यादा आहे, आणि मर्यादेसच धर्म म्हणतात.

मर्यादा पाळावयाची तर गोठा चारही बाजूंनी व वरूनही बंद हवा, सांजवेळी मूल एकटे बाहेर नको, आणि हानी झालेल्यास भरपाई वेळेवर हवी. येत्या वसुबारसेस गायीस घास देताना त्या गोपालकाच्या गोठ्यास दार व जाळी बसविण्याइतके द्रव्य आपण सभासद कुटुंबांनी जमवावे, अशी नम्र विनंती आहे. त्याच्या प्रश्नास शब्दांनी उत्तर देण्याची पात्रता आमच्यापाशी नाही. निदान त्याचे पुढचे वासरू तरी सुखरूप राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.