इंग्रजीचे अध्ययन आणि मनाचे बळ

मराठी माध्यमाच्या शाळेतून उत्तम गुणांनी उत्तीर्ण होऊन महाविद्यालयात आलेला विद्यार्थी, विषयाचे मर्म पुरेपूर जाणत असूनही, इंग्रजीतून शंका विचारण्याचा प्रसंग येताच ओठांवर आलेले वाक्य गिळून टाकतो, तेव्हा त्याच्या ठिकाणी उणीव असते ती बुद्धीची नसून, चारचौघांत चुकण्याचे भय सोसण्याच्या सामर्थ्याची असते.

बुद्धी एकाच मापाने मोजण्याच्या शिरस्त्याला मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी, बुद्धीचे अनेक प्रकार असतात असे मांडून, १९८३ साली आव्हान दिले. १९९० साली मानसशास्त्रज्ञ पीटर सालोवे व जॉन मेयर यांनी, स्वतःच्या व इतरांच्या भावना ओळखून त्यांचे नियमन करण्याच्या क्षमतेचे, भावनिक बुद्धिमत्ता या संज्ञेखाली विवेचन केले. आणि परभाषेच्या वर्गात उद्भवणारी चिंता ही एक स्वतंत्र मनोवस्था असल्याचे इलेन हॉर्विट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ सालीच प्रतिपादन केले होते. विचार प्रौढाचे आणि शब्द मात्र बालकाचे, अशा विषम स्थितीत सापडलेल्या माणसाला आपले व्यक्तित्वच खुजे झाल्यासारखे वाटावे, यात नवल नाही. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशेन यांच्या मते तर भयग्रस्त मनात कानांवर पडलेली भाषा मुरतच नाही.

भावनिक बुद्धीइतकेच बळ जीवनाचा हेतू व अर्थ शोधणारी आध्यात्मिक बुद्धीही देते. तिला बुद्धीच्या प्रकारांच्या आपल्या यादीत स्थान देण्यास गार्डनर यांनी स्वतः संकोच केला असला, तरी आपण हे कशासाठी शिकतो आहोत, या प्रश्नाचे उत्तर ज्याला अंतर्यामी गवसले आहे, तो इंग्रजीला ज्ञानाचे साधन मानतो, आपल्या योग्यतेचा दाखला मानीत नाही; म्हणूनच त्याला मातृभाषेची लाज वाटत नाही आणि उच्चार चुकल्याने त्याचा आत्मसन्मान ढळत नाही. अपयशानंतर पुन्हा उभे राहण्याची चिकाटी हेतूच्या याच जाणिवेतून उपजते.

परंतु या गुणांची सारी जबाबदारी विद्यार्थ्याच्या शिरावर टाकून शाळेने नामानिराळे राहणे हा उघड अन्याय होय. महाराष्ट्रात २००० साली पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी सुरू झाले, त्यामुळे शिकण्याची वर्षे वाढली. भय मात्र सरकारी हुकुमाने जात नाही. जेथे चुकीच्या उच्चारावर वर्ग हसतो आणि शिक्षक त्या हसण्यास मूक संमती देतो, तेथे कोणतेही मनोबल फार काळ तग धरणार नाही. चुकण्याची मुभा, उत्तरासाठी पुरेसा अवकाश आणि अडलेला विचार मराठीतून मांडण्याची मोकळीक, एवढे जरी शिक्षकाने दिले, तरी व्याकरणाची तालीम फलद्रूप होईल. म्हणून इंग्रजीच्या प्रत्येक शिक्षकाने विद्यार्थ्याची चूक सुधारण्यापूर्वी त्याचा धीर सांभाळावा.