कोणी किती आकसायचे?



जपानमध्ये चहासाठी मातीचा, कान नसलेला एक पेला हाताने घडवतात. त्यातल्या एका प्रकारावर गडद आणि फिकट मातीच्या लाटा दिसतात. पाहणाऱ्याला वाटते, ही नक्षी वरून रंगवलेली असावी. पण पेला फुटला तर तुकड्याच्या कडेवरही त्याच लाटा आढळतात. वेगवेगळ्या रंगांची माती एकत्र दाबून, मळून तो घडवलेला असतो. या पद्धतीला 'नेरिआगे' किंवा 'नेरिकोमी' म्हणतात. कासामा गावातील एका बौद्ध मंदिराचे पुरोहित मात्सुई कोसेई (१९२७–२००३) यांनी ही कला इतकी वाढवली, की १९९३ साली जपान सरकारने त्यांना 'जिवंत राष्ट्रीय ठेवा' हा मान दिला.

जपान आपल्याला तसा परका नाही. शेजारच्या इंदोऱ्यात भदंत सुरई ससाई १९६० च्या दशकात जपानहून आले आणि इथलेच झाले. कामठीचे ड्रॅगन पॅलेस मंदिर १९९९ साली जपानी मदतीने उभे राहिले. आपला जरीपटका तर १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांच्या वसाहतीने आकाराला आला. शेजारी १९५६ च्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणारी बौद्ध वस्ती आहे. आपल्याच चर्चच्या अंगणात मिस्सेनंतर तीन-चार भाषा कानावर पडतात. म्हणून त्या पेल्याकडे पाहताना आम्हांला एक प्रश्न पडतो. निरनिराळ्या माणसांनी 'एक होणे' म्हणजे नेमके काय?

ॲरिस्टॉटलने मिश्रणाचा विचार करताना दोन उदाहरणे दिली आहेत. जव आणि गहू एकत्र केले तरी प्रत्येक दाणा वेगळाच राहतो. ती नुसती शेजारी-शेजारी मांडणी होय. उलट, द्राक्षारसाचा एक थेंब प्रचंड पाण्यात टाकला तर तो द्राक्षारस उरतच नाही, पाणीच होतो. आपले सहजीवनही बहुधा या दोन टोकांपैकी एकाकडे झुकते. एका इमारतीत वीस वर्षे राहून शेजाऱ्याच्या घरात कधी पाऊल न टाकणे, हे दाण्यांचे जगणे. धाकट्याने, दुबळ्याने, नव्याने आलेल्याने पूर्ण विरघळून जावे ही अपेक्षा, हे थेंबाचे मरणे.

पेला या दोन्हींपेक्षा वेगळे काही सांगतो. दोन्ही माती घट्ट जुळलेल्या आहेत, तरी गडद ती गडद आणि फिकट ती फिकट. फार मळले तर दोन्हींचा मिळून एकच मळकट गोळा होतो. कमी दाबले तर जोड सुटतो. पण खरी अडचण पुढेच असते. माती सुकताना आणि भट्टीत भाजताना आकसते, पुष्कळदा दहाव्या हिश्श्याइतकी किंवा अधिक. एक माती जास्त आकसली आणि दुसरी कमी, तर नेमकी जोडावर चीर जाते. म्हणून अनेक कारागीर मूळ माती एकच घेतात आणि तिच्या काही भागांत धातूंची भस्मे मिसळून रंग आणतात. दोन निराळ्या माती घ्यायच्या असतील, तर आधी त्यांचे आकसणे तपासून पाहतात. पेला वेगळ्या रंगांमुळे तडकत नाही. तो तडकतो वेगळ्या आकसण्यामुळे.

आता आपल्या घरांकडे पाहू. दोन समाजांतल्या मुलामुलींचे लग्न होते. सगळे म्हणतात, "आम्ही भेदभाव मानत नाही." पण नाव कोणाचे बदलते? कोणाच्या आईच्या हातची चव स्वयंपाकघरातून नाहीशी होते? "थोडं ॲडजस्ट कर" हे वाक्य नेहमी एकाच व्यक्तीच्या वाट्याला का येते? भाड्याने खोली देताना आडनाव विचारून आपण समोरच्याला किती आकसायला लावतो? आणि प्रार्थनासंघाच्या सभेत ज्याला आपली भाषा नीट येत नाही, तो गप्प बसतो तेव्हा आपण त्यालाच एकोपा म्हणतो.

यावर कोणी विचारील, "मग श्रद्धा, सदसद्विवेक, स्वाभिमान हेही निम्मे-निम्मे सोडायचे काय?" मुळीच नाही. सुकताना मातीतून पाणी जाते. गडद माती फिकट होत नाही. आपला हट्ट, सवयी, 'आमच्याकडे असंच असतं' हा ताठा, हे पाणी आहे. ते जायलाच हवे. कठीण जाते ते एवढेच, की स्वतःच्या पाण्याला आपण रंग समजतो आणि दुसऱ्याच्या रंगाला पाणी. ज्याच्या हाती घराच्या किल्ल्या, त्याच्याकडून ही चूक जास्त होते. म्हणून आपल्यासाठी काय सोडण्याजोगे आणि काय नाही, हे ज्याचे त्याने सांगावे. बलवानाने दुसऱ्याच्या वतीने ठरवू नये.

यिर्मया संदेष्ट्याने कुंभाराच्या घरी पाहिले, ते चाकावरच्या ओल्या मातीचे काम होते. बिघडलेले भांडे तिथे पुन्हा घडवता आले. भट्टीतून निघाल्यावर ते शक्य नसते. आपल्यातली बरीच नाती अजून ओली आहेत. या आठवड्यात घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला आपण विचारू या: "आमच्यासाठी तू आजवर काय काय सोडलंस?" उत्तर मध्येच न तोडता ऐकू या. आणि मग आपण स्वतः काय सोडले, तेही त्याच्यासमोर प्रामाणिकपणे मांडू या.