पडून उठणारा गडी

मननासाठीं वचनें : करिंथकरांस पहिलें पत्र ९ : २४–२७



करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनीं मोठे खेळ भरत असत. त्या शहरांतील मंडळीस पत्र लिहितांना पौलानें धांवणाऱ्याचा व मुष्टियोद्ध्याचा दृष्टांत घेतला. तो खेळाडू कोणत्या देवास भजतो हें त्यानें विचारलें नाहीं. त्याचा संयम तेवढा पाहिला. म्हणून आम्हींही आज आपल्याच नगर जिल्ह्यांतील एका गोलंदाजाचा वृत्तांत आपणांपुढें ठेवितों.

झहीर खान यांचा जन्म ७ ऑक्टोबर १९७८ रोजीं श्रीरामपुरास झाला. उंसाच्या या मुलखांतून ते तरुणपणीं मुंबईस गेले, चेन्नईस वेगवान गोलंदाजीचें शिक्षण घेतलें, आणि सन २००० मध्यें भारताच्या संघांत आले. परंतु पुढची वाट सरळ नव्हती. २३ मार्च २००३ रोजीं जोहान्सबर्ग येथें विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. त्यांच्या पहिल्याच षटकांत १५ धांवा गेल्या; सात षटकांत ६७ गेल्या, बळी एकही नाहीं. पुढें दुखापती आल्या, आणि २००६ सालीं ते संघाबाहेर पडले.

तेव्हां त्यांनीं काय केलें? ते इंग्लंडांत वूस्टरशायर परगण्याच्या संघाकडून खेळावयास गेले. तेथें रोज उठून दिवसभर चेंडू टाकावयाचा. त्यांनीं आपली धांव आखूड केली, चेंडूवरचा ताबा वाढविला, आणि त्या एका हंगामांत ७८ बळी घेतले. वर्षअखेरीस भारताच्या संघाचें बोलावणें पुन्हां आलें. २००७ सालीं नॉटिंगहॅम येथें एका कसोटींत त्यांनीं नऊ बळी घेतले व भारतानें ती मालिका जिंकली. २ एप्रिल २०११ रोजीं मुंबईस पुन्हां विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. या वेळीं पहिल्या पांच षटकांत अवघ्या ६ धांवा गेल्या व एक बळी मिळाला. चषक भारतास लाभला. २०१५ सालीं ते निवृत्त झाले, तेव्हां ९२ कसोट्यांत ३११ बळी त्यांच्या नांवावर होते.

आतां आपल्या मंडळ्यांकडे पाहूं. वडिलांच्या निवडणुकींत नांव आलें नाहीं, म्हणून एखादा भाऊ उपासनेस येणें सोडतो. पेटीवर दुसऱ्यास बसविलें, म्हणून एखादी बहीण तोंड फिरविते. पोलीसभरतींत नापास झालेला तरुण पारावर दिवस घालवितो. प्रत्येकास वाटतें कीं आपणांवर अन्याय झाला; कदाचित् झालाही असेल. तरी घरीं बसल्यानें हात गंजतात, आणि बोलावणें आलें त्या दिवशीं आपण तयार नसतों. लहान जागीं मिळालेलें काम निष्ठेनें करा.

दुसरा बोध मंडळीसाठीं आहे. त्या पहिल्या षटकाच्या १५ धांवा निवडणारे जन्मभर मोजीत बसले असते, तर २०११ चा तो दिवस उगवला नसता. आपण गांवांतील माणसें मात्र एकाचें वाईट षटक त्याच्या नातवापर्यंत सांगत राहतों. क्षमा मिळालेल्या लोकांस हें शोभत नाहीं.

करिंथच्या विजेत्यास पानांचा मुगूट मिळे. तो सुकून जाई. आपणांपुढें न सुकणारा मुगूट आहे, आणि तो एकट्यानें घ्यावयाचा नाहीं. ज्यानें येणें सोडलें त्याच्या घरीं या आठवड्यांत जा. तो आला नाहीं, तर पुढल्या आठवड्यांतही जा. प्रभु आपणांस बळ देवो.