मुख्यालयी राहण्याचा दाखला

‘या प्रांतात राहण्याचा माझा इरादा आहे’ अशा अर्थाच्या वाक्याखाली सही करताना माणसाच्या मनात नेमकं काय असायला हवं? गेले काही महिने मी या प्रश्नात अडकलोय. कॅनडाला जाण्याच्या माझ्या खटपटीत भाषेची परीक्षा झाली, पदवीचं मूल्यांकन झालं. अडलंय ते या एका वाक्यापाशी.

आधी व्यवस्था सांगतो. 1990 च्या दशकाच्या अखेरीला कॅनडानं प्रांतांना आपापल्या गरजेची माणसं निवडायची मुभा दिली, त्यात मॅनिटोबा अगदी सुरुवातीचा. बाहेरून येणारे सगळे टोरंटो-व्हँकुव्हरकडे जात होते आणि विनिपेगसारख्या शहरांना माणसं हवी होती. प्रांत ज्याची शिफारस करतो, त्याला ‘एक्सप्रेस एंट्री’च्या यादीत 600 जादा गुण मिळतात. माझ्यासारख्या काठावरच्या अर्जदारासाठी हे जवळजवळ हमखास तिकीट आहे. अट एकच, की शिफारस करणाऱ्या प्रांतात राहण्याचा इरादा हवा.

गंमत पुढे आहे. एकदा कायमचा रहिवासी झालात, की 1982 च्या कॅनेडियन हक्कसनदेचं सहावं कलम तुम्हाला कुठल्याही प्रांतात जाऊन राहण्याचा आणि पोट भरण्याचा हक्क देतं. म्हणजे मॅनिटोबाच्या शिफारशीवर उतरा आणि काही दिवसांनी टोरंटोची गाडी पकडा. अर्ज करतानाच इरादा खोटा होता हे सिद्ध झालं तर प्रकरण गंभीर आहे, चुकीची माहिती देणाऱ्यावर 5 वर्षांची बंदी येते. पण इरादा ही मनातली गोष्ट. ती सिद्ध कोण करणार?

पुण्यातल्या एका सल्लागारानं मला हेच हसत सांगितलं. माझे मित्रही तेच म्हणतात. त्यांचा युक्तिवाद कच्चा नाही. प्रांताला हे माहीत आहे, तरी तो शिफारस करतो. म्हणजे काही जण निघून जाणार हे त्यानं हिशेबात धरलंय. नियमातच मोकळी वाट असेल, तर त्या वाटेनं जाणारा फसवतो कसा? आम्ही सॉफ्टवेअरवाले असंच बोलतो: सिस्टिम जे करू देते, ते चालतं.

पण मी बुलडाणा जिल्ह्यातला आहे, आणि ही गोष्ट मी दुसऱ्या टोकाकडून पाहिलेली आहे. आमच्याकडे ‘मुख्यालयी राहणे’ हा शब्दप्रयोग शेंबड्या पोरालाही कळतो. गुरुजी, ग्रामसेवक, तलाठी, आरोग्य केंद्राचे डॉक्टर यांनी नेमणुकीच्या गावी राहावं असा नियम. प्रत्यक्षात बरेच जण चिखली, मेहकर, खामगावहून अप-डाऊन करतात. कागदावर मात्र मुक्काम गावातच. घरभाडे भत्त्यासाठी ग्रामसभेचा ठराव मागण्यापर्यंत शासन गेलं; ठरावही कागदच, तो मिळतो. रात्री बाळंतीण अडली की कागदावरचा मुक्काम कामाला येत नाही. या विषयावर पारावर तावातावानं बोलणाऱ्यांत मीही असतो. मग विनिपेगच्या बाबतीत माझा तोंडवळा बदलायचा कसा?

फरक आहेत, ते नाकारत नाही. गुरुजी दर महिन्याला त्या राहण्याचा भत्ता घेतात, मी घेणार नाही. त्यांचं ते बंधन आहे, माझा तो इरादा. इरादा बदलू शकतो. नोकरी मिळाली नाही, बायकोला काम मिळालं नाही, उणे तीसचा हिवाळा सोसला नाही, तर माणूस हलणारच. खामगावच्या उन्हाला कंटाळून पुण्याला गेलेल्याला आपण खोटारडा म्हणत नाही. बदललेला इरादा हे खोटेपण नव्हे. पण कधी नव्हताच असा इरादा, तो मात्र खोटा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून कायद्याला हे वेगळं करता येत नाही. सही करणाऱ्याला येतं.

शिवाय प्रांताचं नुकसान बाजूला ठेवलं, तरी रांगेचा प्रश्न उरतो. 2024 साठी या मार्गानं 1,10,000 जणांना घेण्याचं लक्ष्य होतं. 2025 साठी ते 55,000 वर आणलं. जागा मोजक्या आहेत. माझ्या सहीनं जी जागा जाते, ती विनिपेगलाच राहू इच्छिणाऱ्या कुणाची तरी असू शकते. ‘सिस्टिम करू देते’ या वाक्यात हा तिसरा माणूस कुठेच नसतो.

मग कायदाच कडक करावा का? ऑस्ट्रेलियानं 491 क्रमांकाच्या व्हिसात तेच केलंय: ठरवून दिलेल्या प्रादेशिक भागातच राहायचं, आणि पक्क्या वास्तव्याचा अर्ज साधारणपणे 3 वर्षांनंतर. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड आयलंडनं उद्योजकांकडून अनामत रक्कम घेऊन पाहिली. तिथे राहून धंदा चालवा, पैसे परत. अनेकांनी अनामतीवर पाणी सोडलं आणि निघून गेले. 2018 मध्ये तो प्रकार गुंडाळावा लागला. आपल्याकडे सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालेल्याला एक वर्ष सेवा नाहीतर 10 लाख रुपये, असा बाँड लिहून घेतला गेलाय. पैशाचा आकडा लिहिला की शब्दाची किंमत ठरते, आणि ज्याच्याकडे ती आहे तो शब्द विकत घेऊन मोकळा होतो. कडक अटीनं पाय बांधले जातात, मन लागतंच असं नाही. त्यामुळे हक्कसनदेनं दिलेली मोकळीक मला चूक वाटत नाही. पण तिनं कायद्याचा भार काढून माझ्यावर टाकलाय.

स्वतःसाठी मी एक कसोटी केली आहे. ही सही उद्या बंधनकारक झाली, दोन वर्षं हलता येणार नाही असं ठरलं, तरी मी ती करेन का? उत्तर ‘हो’ असेल, तर पुढे काही बदललं तरी सही खरी. उत्तर ‘नाही’ असेल, तर मी मुख्यालयी राहण्याचा दाखलाच घेतोय, फक्त ग्रामसभा परदेशातली आहे.

म्हणून सध्या विनिपेगमधल्या नोकऱ्या शोधतोय, तिथली घरभाडी पाहतोय, बायकोच्या कामाचं तिथं काय होईल ते विचारतोय. मित्रांच्या मते हा वेळेचा अपव्यय आहे, कारण वयाचे गुण तिशीपासून दरवर्षी घटतात आणि माझी तिशी जवळ आलीय. ते खरं आहे. बायकोनं परवा रात्री दोन हिवाळ्यांचा हिशेब मांडला आणि विचारलं, “राहशील?” मी अजून ‘हो’ म्हटलेलं नाही. तोवर अर्ज तसाच राहील.