मशाल आधी कोणाच्या हातात होती?

ऑलिम्पिकची मशालदौड प्राचीन ग्रीसमधून आलेली नाही. अथेन्सला देवकार्यात मशालींच्या शर्यती होत. ऑलिंपियाच्या खेळांत त्या नव्हत्या. ऑलिंपियाहून ज्योत हातोहात धावत नेण्याची कल्पना १९३६च्या बर्लिन स्पर्धेचे संयोजक कार्ल डीम यांची, आणि तिच्या पाठीशी नाझी राजवट. २० जुलैला अंतर्गोल आरशाने सूर्यकिरणांवर ज्योत पेटवली गेली. तीन हजारांवर धावपटूंनी ती सात देशांतून १ ऑगस्टला बर्लिनला पोचवली. मशाली तोफा घडवणाऱ्या क्रुप कंपनीच्या होत्या.

तर मग सावली गावातल्या शाळेच्या क्रीडासंमेलनात मशाल फिरवावी का? दोन शिक्षकांचा हा वाद कल्पिता येतो.

‘‘नको,’’ इतिहासाच्या बाई म्हणतात. ‘‘ज्योत ज्या वाटेनं गेली, तिथले ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया, ग्रीस पाच वर्षांत हिटलरच्या टाचेखाली आले.’’

‘‘अन् १९४८ चं काय, बाई?’’ क्रीडाशिक्षक विचारतात. ‘‘लंडनच्या वेळी पहिला धावपटू असलेल्या ग्रीक सैनिकानं शस्त्र खाली ठेवलं, गणवेश उतरवला, मगच मशाल उचलली. दौड तीच, अर्थ वेगळा. त्याच १९३६ साली गांधी सेवा संघाच्या बैठकीत, इथं आपल्या सावलीत, गांधीजींनी सांगितलं होतं की गांधीवाद म्हणून काही नाही. कर्त्याचं नाव सोडून काम ठेवता येतं.’’

‘‘नाव त्यांनी स्वतः सोडलं, सर. मशालीच्या गोष्टीत कर्त्याचं नाव झाकून ग्रीसचं पुढं केलं.’’

इथे सरांची अडचण होते. ते २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकची दिल्लीतली मशालदौड काढतात. तिबेटसाठी फुटबॉलपटू बायचुंग भुतिया यांनी मशाल नाकारली. आमिर खान तिबेटी जनतेसाठी प्रार्थना मनात ठेवून कडेकोट बंदोबस्तातल्या राजपथावर धावले. सरांच्या मते दोघंही बरोबर.

‘‘भुतियांचा नकार सगळ्यांना दिसला. मनातली प्रार्थना कोणाला दिसणार?’’

‘‘पण नकार द्यायला आधी कोणीतरी मशाल पुढं करावी लागते,’’ सर म्हणतात. ‘‘आठवीतल्या पोरांना आपण विचारलंच कुठं?’’

हा मुद्दा बाईंना सर्वांत वजनदार वाटतो. मशाल पेटवण्याआधी मुलांना बर्लिनची हकिकत सांगायची आणि ज्याला नको त्याने धावायचं नाही, इथपर्यंत दोघांचं जमतं. मात्र उन्हात उभ्या पोरांसमोर पाच मिनिटांवर बोलायचं नाही, ही सरांची अट बाईंना मान्य नाही.